२१४७४८३६४७ : एका मोठ्या मूळ संख्येशी हाताने ओळख करून घेण्याची रीत

ज्या संख्येला १ आणि ती स्वतः एवढेच विभाजक असतात ती मूळ संख्या, ही व्याख्या शाळेत सर्वांची पाठ होते. परंतु दहा अंकी संख्या समोर ठेवून ‘ही मूळ आहे’ असे कोणी सांगितले, तर ते पडताळायचे कसे, हे सहसा कोणी दाखवत नाही. संगणकाला विचारल्यास क्षणात होकार मिळतो; त्या होकाराचे कारण मात्र आपल्या हाती लागत नाही. हा लेख ज्यांना ते कारण हवे आहे त्यांच्यासाठी आहे. येथे निवडलेली संख्या २१४७४८३६४७ ही आहे, आणि तिला निवडण्यामागे एकच हेतू आहे : तिचे जवळजवळ सगळे गुणधर्म एका छोट्याशा गोष्टीतून उलगडतात, त्यामुळे नवशिक्याला सुटे सुटे नियम पाठ करावे लागत नाहीत.

साहित्य फार लागत नाही. एक वही, बारा अंकी पडद्याचा साधा कॅल्क्युलेटर आणि काही संध्याकाळी पुरेशा आहेत. लेखाच्या उत्तरार्धासाठी संगणक असल्यास बरे. गणिताची तयारी म्हणाल, तर घातांकांचे नियम आणि भागाकारातील बाकी एवढे यायला हवे. घात लिहिण्यासाठी मी ^ हे चिन्ह वापरतो, म्हणजे २^५ म्हणजे ३२.

पहिली पायरी : संख्या वाचणे आणि तिचे रूप ओळखणे

आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिल्यास ही संख्या २,१४,७४,८३,६४७ अशी दिसते आणि दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस अशी वाचली जाते. दशमान रूपात तिच्यात काही लक्षवेधी नाही. पण तिच्यात १ मिळवा : २१४७४८३६४८ म्हणजे बरोबर २^३१. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात तांदळाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार अशी दुप्पट करत जाण्याची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पटावरच्या पहिल्या ३१ घरांतील दाण्यांची बेरीज म्हणजेच आपली संख्या. द्विमान पद्धतीत ती लिहिली तर ओळीने ३१ वेळा १ हा अंक येतो, दुसरे काही नाही.

२ चा घात वजा १ अशा रूपाच्या मूळ संख्यांना मर्सेन मूळ संख्या म्हणतात. मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६४४ मध्ये अशा घातांकांची एक यादी दिली होती, तिच्यावरून हे नाव पडले. लहानपासून मोजल्यास घातांक २, ३, ५, ७, १३, १७, १९ आणि मग ३१ येतो, म्हणून आपली संख्या आठवी. येथे एक गैरसमज आधीच दूर करावा : घातांक मूळ असला म्हणजे संख्या मूळ झाली, असे नाही. २^११ − १ = २०४७ = २३ × ८९ हे त्याचे सर्वांत लहान उदाहरण आहे. उलट दिशेने मात्र नियम पक्का आहे. घातांक संयुक्त असेल तर संख्या संयुक्तच असते.

यापुढे सोयीसाठी आपल्या संख्येला ‘म’ म्हणू.

दुसरी पायरी : शोध कुठपर्यंत करायचा

म संयुक्त असेल, तर तिच्या दोन अवयवांपैकी लहान अवयव तिच्या वर्गमूळाहून मोठा असू शकत नाही. ४६३४० चा वर्ग २१४७३९५६०० आणि ४६३४१ चा वर्ग २१४७४८८२८१ येतो, म्हणजे शोध ४६३४० पाशी थांबवता येतो. पण तिथपर्यंतच्या मूळ संख्या सुमारे ४८०० आहेत, आणि ४८०० भागाकार हाताने करणे ही शिक्षा ठरेल. यापुढची पायरी म्हणूनच महत्त्वाची आहे, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातील सर्वांत सुंदर जागा तीच आहे.

तिसरी पायरी : विभाजक कसा दिसायला हवा हे आधी ठरवणे

समजा क ही एक मूळ संख्या आहे आणि तिने म ला निःशेष भाग जातो. मग २^३१ ला क ने भागल्यावर बाकी १ उरायला हवी. आता २, ४, ८, १६ अशा २ च्या घातांना ओळीने क ने भागत गेल्यास येणाऱ्या बाक्या काही काळाने १ वर येतात आणि तेच चक्र पुन्हा सुरू होते. ३१ व्या घाताला बाकी १ येत असल्यामुळे चक्राच्या लांबीने ३१ ला भाग जायला हवा. ३१ स्वतः मूळ असल्यामुळे ती लांबी १ किंवा ३१ असणार. लांबी १ असेल तर २ लाच क ने भागून बाकी १ यायला हवी, जे शक्य नाही. म्हणून लांबी ३१ च. दुसरीकडे फर्माचा छोटा सिद्धांत सांगतो की २ च्या (क − १) व्या घातालाही बाकी १ च येते, म्हणून क − १ हा ३१ च्या पटीत असला पाहिजे. क विषम असल्याने क − १ सम आहे. म्हणजे तो ६२ च्या पटीत आला.

ही पहिली चाळणी झाली. दुसरी चाळणी अशी : २^३१ ला बाकी १, म्हणून २^३२ ला बाकी २. पण २^३२ हा ६५५३६ चा वर्ग आहे. अर्थात क च्या दृष्टीने २ ही ‘वर्गाची बाकी’ झाली, आणि असे ज्या विषम मूळ संख्यांच्या बाबतीत घडते त्यांना ८ ने भागल्यास बाकी १ किंवा ७ च येते. हा नियम येथे मी सिद्ध न करता घेत आहे. संख्या-सिद्धांताच्या (नंबर थिअरी) कोणत्याही प्राथमिक पाठ्यपुस्तकात त्याची सिद्धता मिळते.

दोन्ही चाळण्या एकत्र लावल्या की क ची फक्त दोनच रूपे उरतात : २४८न + १ किंवा २४८न + ६३ (न म्हणजे ०, १, २, ३ अशी कोणतीही पूर्ण संख्या). पुढे जाण्यापूर्वी हाच विचार लहान संख्येवर करून पाहावा, म्हणजे विश्वास बसतो. २०४७ साठी घातांक ११ आहे, म्हणून तिचे विभाजक २२ च्या पटीपेक्षा १ ने मोठे हवेत. २३ आणि ८९ दोन्ही तसेच आहेत, आणि ८ ने भागल्यावर त्यांच्या बाक्या ७ व १ येतात. २^२९ − १ चे अवयव २३३, ११०३ आणि २०८९ आहेत. प्रत्येकातून १ वजा करून ५८ ने भागून पाहा.

चौथी पायरी : प्रत्यक्ष तपासणी

४६३४० पर्यंत २४८न + १ या रूपाच्या १८६ आणि २४८न + ६३ या रूपाच्या १८७ संख्या आहेत. त्यांतील ६३ ही उघडच मूळ नाही, म्हणून उरल्या ३७२. यांतही ३, ५, ७, ११ अशांनी भाग जाणाऱ्या पुष्कळ आहेत. त्या खोडत गेल्यास साधारण पाव भागच शिल्लक राहतो. खोडण्यात चूक होईल अशी भीती वाटली, तर संयुक्त उमेदवार तपासल्यानेही काही बिघडत नाही, फक्त थोडे श्रम जास्त पडतात.

प्रत्येक उमेदवाराने म ला थेट भागता येईलच, पण अधिक सुटसुटीत रीत अशी आहे. उमेदवार क असल्यास ६५५३६ ला क ने भागून बाकी घ्या, त्या बाकीचा वर्ग करा आणि पुन्हा क ने भागा. शेवटची बाकी २ आली तर क हा विभाजक आहे. दुसरी कोणतीही आली तर नाही. आकडे कधीही दहा अंकांच्या बाहेर जात नाहीत, त्यामुळे साधा कॅल्क्युलेटर पुरतो.

तीन उदाहरणे पूर्ण करून दाखवतो. ओळीतील पहिला खरा उमेदवार ३११ : ६५५३६ ला ३११ ने भागून बाकी २२६ येते, म्हणजेच ८५ कमी, ८५ चा वर्ग ७२२५, त्याला ३११ ने भागून बाकी ७२. ही २ नाही, म्हणून ३११ बाद. त्यानंतर १३०३ : ६५५३६ ला बाकी ३८६, तिचा वर्ग १४८९९६, त्याला बाकी ४५४, बाद. मग १४८९ : ६५५३६ ला बाकी फक्त २०, तिचा वर्ग ४०० आणि तीच बाकी; बाद. ३११ च्या उदाहरणात मी २२६ ऐवजी ८५ चा वर्ग केला, हे लक्षात घ्यावे. बाकी क च्या निम्म्याहून मोठी असेल तेव्हा क मधून ती वजा करून मिळालेल्या लहान संख्येचा वर्ग केला तरी उत्तर तेच येते, आणि गुणाकार हलका होतो.

वहीत चार स्तंभ आखा : उमेदवार, ६५५३६ ची बाकी, तिचा वर्ग, शेवटची बाकी. एका बैठकीत वीसपेक्षा जास्त ओळी करू नयेत, कारण थकव्यात झालेली एक चूक सगळा निष्कर्ष निकामी करते आणि ती नंतर शोधणे फार कष्टाचे असते. शेवटच्या स्तंभात कुठेही २ आला नाही की म मूळ असल्याची सिद्धता तुमच्या स्वतःच्या अक्षरात तुमच्यापाशी असेल.

नेमका हाच मार्ग गणिती लिओनार्ड ऑयलर यांनी अवलंबला आणि १७७२ मध्ये बर्नूली यांना लिहिलेल्या पत्रात निष्कर्ष कळवला. ऑयलर तेव्हा सेंट पीटर्सबर्गमध्ये होते आणि त्यांची दृष्टी जवळपास गेलेली होती, हे आठवले की आपल्या हातातल्या कॅल्क्युलेटरकडे वेगळ्या नजरेने पाहिले जाते. त्यांच्याआधी इटलीतील काताल्दी यांनी २३, २९, ३१ आणि ३७ हे घातांकही मूळ संख्या देतात असे म्हटले होते. त्यांतील केवळ ३१ बरोबर निघाला. २^२३ − १ ला तर ४७ नेच भाग जातो. ऑयलर यांच्या सिद्धतेनंतर ऐंशीहून अधिक वर्षे याहून मोठी मूळ संख्या कोणाला ठाऊक नव्हती.

पाचवी पायरी : झटपट कसोटी

भागाकारांच्या वाटेने मोठ्या घातांकांपर्यंत पोहोचता येत नाही. एदुआर ल्युका यांनी १८७० च्या दशकात मांडलेली आणि १९३० मध्ये डेरिक लेमर यांनी आजच्या सोप्या रूपात आणलेली कसोटी केवळ मर्सेन रूपासाठी आहे. ४ पासून सुरुवात करा. प्रत्येक टप्प्यावर आधीच्या संख्येचा वर्ग करून २ वजा करा आणि म ने भागून बाकी ठेवा. घातांकापेक्षा दोन कमी, म्हणजे आपल्यासाठी २९ टप्प्यांनंतर बाकी शून्य आली तर संख्या मूळ, नाही तर संयुक्त.

आधी १२७ वर करा, म्हणजे घातांक ७ आणि टप्पे ५. ओळ अशी येते : ४, १४, ६७, ४२, १११, ०. शून्य आले, म्हणून १२७ मूळ. तेच २०४७ वर केल्यास नऊ टप्प्यांनंतर १७३६ उरते आणि ती संयुक्त असल्याचे कळते. मात्र अवयव कोणते, हे ही कसोटी सांगत नाही. म साठी ओळीची सुरुवात ४, १४, १९४, ३७६३४, १४१६३१७९५४, ६६९६७०८३८ अशी आहे. तुमच्या संगणकाने हेच आकडे दिले पाहिजेत.

आणखी एक खूण उपयोगी पडते. शून्य येण्याच्या आदल्या टप्प्यावरील संख्येच्या वर्गाची बाकी २ असणारच, आणि म च्या जगात, म्हणजे म ने भागल्यावर उरणाऱ्या बाक्यांत, असा वर्ग फक्त ६५५३६ किंवा म − ६५५३६, म्हणजे २१४७४१८१११, यांचाच होतो. म्हणून २८ व्या टप्प्याला या दोहोंपैकी एक संख्या दिसली नाही, तर आकडेमोडीत चूक झाली आहे असे खुशाल समजावे. वरच्या उदाहरणात १११ म्हणजे १२७ − १६ आहे, ते याच कारणाने.

म ने भागण्याचीही एक सोपी युक्ती आहे. ९ ने भागताना आपण अंकांची बेरीज करतो, कारण १० ला ९ ने भागून बाकी १ येते. येथे २^३१ ला बाकी १ येते, म्हणून मोठ्या संख्येला २^३१ ने भागून भागाकार आणि बाकी यांची बेरीज केली की झाले. उदाहरणार्थ ४७४७५६१५०९९४३ ला २^३१ ने भागल्यास भागाकार २२१० आणि बाकी १६२२६४७८६३ येते. बेरीज १६२२६५००७३, आणि हीच म ने भागल्यावरची बाकी. द्विमान रूपात यासाठी भागाकार करावाच लागत नाही, शेवटचे ३१ अंक वेगळे काढून उरलेल्या डाव्या भागात मिळवायचे असतात.

येथे नवशिक्यांची एक चूक मी वारंवार पाहिली आहे. फर्माच्या सिद्धांतावर आधारलेली साधी कसोटी ते पाया २ घेऊन लावतात, म्हणजे २ चा ‘संख्या वजा १’ एवढा घात घेऊन त्याला त्या संख्येने भागतात, आणि बाकी १ आली की समाधान मानतात. मर्सेन रूपाच्या संख्येवर, घातांक मूळ असताना, ही कसोटी नेहमीच उत्तीर्ण होते. २०४७ सुद्धा उत्तीर्ण होते, कारण २०४६ ला ११ ने भाग जातो. त्या रूपासाठी पाया २ काहीही सिद्ध करत नाही.

सहावी पायरी : आतील रचना पाहणे

म मूळ आहे हे कळल्यावर खरी मजा सुरू होते. म ला ४ ने भागून बाकी ३ येते, म्हणून १ ते म − १ मधील कोणतीही संख्या आणि तिची जोडीदार (म वजा ती संख्या) यांपैकी नेमकी एकच वर्गाची बाकी असते. ज्या संख्येचे वर्गमूळ अस्तित्वात आहे, तिचे ते काढण्यासाठी म + १ चा चौथा भाग हा घात घ्यावा लागतो, आणि म + १ हा २ चा घात असल्यामुळे ते काम म्हणजे फक्त २९ वेळा वर्ग करणे. २ वर हा प्रयोग केल्यास आपल्या ओळखीचे ६५५३६ बाहेर येते.

म − १ चे अवयव २ × ३ × ३ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१ असे आहेत, गुणून पाहा. या अवयवांवरून कोणत्याही पायाच्या घातांचे चक्र किती लांब असेल हे ठरते. २ चे चक्र ३१ चेच, म्हणजे अगदी तोकडे. याउलट ७ चे घात घेत गेल्यास १ वर परतण्यापूर्वी १ ते म − १ मधील प्रत्येक संख्या एकदाच येऊन जाते. अशा पायाला प्रिमिटिव्ह रूट म्हणतात, आणि म साठी असे ५३ कोटी ४६ लाख पाये आहेत, म्हणजे जवळपास चारांत एक.

७ चा पाचवा घात १६८०७ हाही तसाच पाया आहे, कारण म − १ ला ५ ने भाग जात नाही. १९६९ पासून हा आकडा संगणकावर यादृच्छिक भासणाऱ्या संख्या तयार करण्यासाठी वापरला गेला : आधीच्या संख्येला १६८०७ ने गुणायचे आणि म ने भागून बाकी घ्यायची. १ पासून निघाल्यास १६८०७, २८२४७५२४९, १६२२६५००७३ अशी ओळ येते. यातील शेवटची संख्या आपण मघाशी हाताने काढली. संगणकाचा कार्यक्रम (प्रोग्राम) बरोबर लिहिला आहे का हे पाहण्यासाठी दहा हजाराव्या पावलाला १०४३६१८०६५ येते की नाही ते तपासावे. गुप्ततेच्या कामासाठी ही रीत मुळीच वापरू नये, कारण एक संख्या कळली की पुढच्या सगळ्या कळतात.

युक्लिडच्या काळापासून चालत आलेला एक गुणधर्म थोडक्यात नोंदवतो. २^३० ला म ने गुणल्यास २३०५८४३००८१३९९५२१२८ ही परिपूर्ण संख्या मिळते, म्हणजे स्वतःखेरीज तिच्या सर्व विभाजकांची बेरीज तिच्याएवढीच होते. १८११ मध्ये पीटर बार्लो यांनी लिहिले होते की याहून मोठी परिपूर्ण संख्या कधी सापडणार नाही, कारण उपयोग नसलेल्या गोष्टीमागे कोणी एवढे श्रम घेणार नाही. १८७६ मध्ये ल्युका यांनी २^१२७ − १ मूळ असल्याचे दाखवले, आणि २०२४ मध्ये जाहीर झालेल्या २^१३६२७९८४१ − १ या मूळ संख्येला ४ कोटी १० लाखांहून अधिक अंक आहेत.

सातवी पायरी : संगणकावर तपासताना सांभाळायचा खड्डा

संगणकाच्या ३२ बिटांच्या चिन्हयुक्त पूर्णांकात (३२ द्विमान अंकांची जागा, त्यांतील एक धन-ऋण दाखवण्यासाठी) मावणारी सर्वांत मोठी संख्या म हीच आहे. म्हणूनच १९७० च्या आरंभापासून सेकंद मोजणारी जुनी घड्याळे १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी, याच आकड्यावर पोहोचून पुढे जाऊ शकणार नाहीत.

मूळ संख्या तपासणारा माझा पहिला कार्यक्रम मी म वर चालवला तेव्हा तो बराच वेळ चालला आणि शेवटी त्याने ही संख्या संयुक्त असल्याचे सांगितले. कारण शोधायला मला दोन दिवस लागले. भाजकाचा वर्ग म पेक्षा मोठा झाला की थांबायचे, अशी अट मी लिहिली होती. पण ४६३४१ चा वर्ग ३२ बिटांत मावत नाही. तो उलट बाजूला वळून ऋण होतो, आणि त्या प्रकारातील कोणतीही किंमत म पेक्षा मोठी असूच शकत नसल्याने अट कधी मोडत नाही. फेऱ्या चालू राहतात, भाजक वाढत वाढत स्वतः म पर्यंत पोहोचतो, म ला म ने भाग जातो, आणि विभाजक सापडल्याचे जाहीर होते. उपाय सोपा आहे : वर्ग आणि गुणाकार ६४ बिटांत करा. म पेक्षा लहान कोणत्याही दोन संख्यांचा गुणाकार २^६२ च्या आतच राहतो, म्हणून तेथे असा धोका नाही.

आठवी पायरी : हीच रीत एक मजला वर नेऊन पाहणे

३१ हीही मर्सेन मूळ संख्या आहे आणि तिला घातांक केल्यावर म मिळाली. मग म ला घातांक करून २^म − १ घेतली तर? या संख्येला सुमारे ६४ कोटी ६४ लाख अंक आहेत, ती कागदावर उतरवणेही शक्य नाही, तरी तिच्याविषयी तिसऱ्या पायरीचे सगळे म्हणणे जसेच्या तसे लागू पडते. तिचा विभाजक २ × म च्या पटीपेक्षा १ ने मोठा हवा, आणि त्याला ८ ने भागून बाकी १ किंवा ७ हवी. २ × ६८७४५ × म + १ = २९५२५७५२६६२६०३१ ही संख्या दोन्ही अटी पाळते. आता म + १ = २^३१ असल्यामुळे तपासणी अशी करायची : २ घ्या, ओळीने ३१ वेळा वर्ग करा, दर वेळी २९५२५७५२६६२६०३१ ने भागून बाकी ठेवा. एकतिसाव्या वर्गानंतर पुन्हा २ उरते, म्हणजे २^म − १ ही संयुक्त आहे.